‘एल्स’ म्हणजे आपलं ‘इल्लांद्र’

बारावीचा निकाल लागला की आपल्या सीमाभागातल्या घराघरांत एकच विषय असतो. मुलाला, मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचे का? बेळगावात जागा मिळेल का, गोव्याला पाठवावे का, हुबळी बरी की पुणे बरे, फी किती, होस्टेल कसे, याची चौकशी महिनाभर चालते. पाहुणेरावळेही त्यात भाग घेतात. प्रवेश झाला की पेढे वाटले जातात आणि विषय संपतो.

खरा विषय मात्र तिथून पुढे सुरू होतो. पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग नावाचा पेपर असतो. शाळेत नव्वद टक्के मिळवलेली मुलेही त्यात अडखळतात. एकदा पेपर राहिला की घरात कुजबुज सुरू होते आणि दुसऱ्यांदा राहिला की वाक्य ठरलेले असते, ‘तिला त्याचं डोकंच नाही.’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण या एका वाक्यावर एखाद्या मुलीचे शिक्षण थांबू शकते.

हे वाक्य कितपत खरे आहे, याचा शोध जगभरचे शिक्षक गेली कित्येक वर्षे घेत आहेत. संगणक आणि अभियांत्रिकी मुले कशी शिकतात, नेमकी कुठे अडतात, कसे शिकवले की कमी मुले नापास होतात, हा आता संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला आहे. मी मराठी शिकवणारी बाई. या वाटेला मी एरवी गेले नसते. पण हा प्रश्न माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात आला, म्हणून वाचायला घेतले. वाचता वाचता लक्षात आले, की यात आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांसाठी बरेच काही आहे.

नार्व्यातले घर

माझी थोरली बहीण, आमची अक्का, डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात दिली आहे. चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीमार्गे नार्व्याला जाणे आपल्या वाचकांपैकी अनेकांना नवे नाही, कारण श्रीसप्तकोटेश्वर कितीतरी घरांचे कुलदैवत आहे. या देवाचा इतिहासही आपल्यासारखाच दोन भाषांचा आहे. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव, आणि कदंबांचे शिलालेख कन्नडात आणि संस्कृतात आहेत. पोर्तुगिजांच्या काळात देव दिवाडी बेटावरून नदीच्या अलीकडे नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अलीकडे गोवा सरकारने त्याचे जतन-काम पूर्ण करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले.

अक्काच्या घरातही भाषांची अशीच सरमिसळ आहे. शेजाऱ्यांशी कोकणी, घरात मराठी आणि अक्काबरोबर राहणाऱ्या आमच्या अज्जीशी कन्नड. अज्जी मूळची धारवाडकडची. अक्काची मुलगी चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली. गोव्यात बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असतात आणि पाचवीपासून सगळे इंग्रजीत सुरू होते. मुले हा सांधा कसाबसा ओलांडतात. भाची हुशार, पाठांतर चांगले, त्यामुळे बारावीपर्यंत काही जाणवले नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगचा पेपर राहिला. पुन्हा दिला, पुन्हा राहिला. कॉलेजात कोणीतरी तिला ऐकवले, की तुम्हा व्हर्नाक्युलर मुलांना हे झेपत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी गेले, तेव्हा दाजींनी जवळजवळ ठरवले होते, की तिला काढून बी.ए.ला घालायचे. अक्का गप्प होती. भाची स्वतःच म्हणत होती, ‘मावशी, मला खरंच डोकं नाही गं त्याचं.’ मला बी.ए.बद्दल आकस असण्याचे कारण नाही, माझे आयुष्य त्यातच गेले. पण आवडीने बी.ए.ला येणे वेगळे आणि हरून येणे वेगळे.

नापास होणारी ती एकटी नाही

पहिली गोष्ट मला कळली ती अशी, की हा पेपर साऱ्या जगात अवघड जातो. २००१ साली चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षानंतर एक साधी प्रोग्रॅमिंगची परीक्षा देण्यात आली. सरासरी गुण मिळाले ११० पैकी २३ पेक्षाही कमी. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे, अशी मुलेही त्यांत होती. २००७ मध्ये डेन्मार्कच्या दोन प्राध्यापकांनी निरनिराळ्या देशांतल्या महाविद्यालयांकडून आकडे मागवले, तेव्हा पहिल्या प्रोग्रॅमिंग कोर्समध्ये साधारण ३३ टक्के मुले गळतात किंवा नापास होतात, असे दिसले. बारा वर्षांनी त्यांनी तीच पाहणी पुन्हा केली. प्रमाण २८ टक्क्यांवर आले होते. म्हणजे शंभरात अठ्ठावीस-तेहतीस मुले. इतक्या सगळ्यांना डोके नाही, असे म्हणायचे का?

दुसरा अभ्यास कॅनडातला, २०१६ मधला. संगणकाच्या शिक्षकांत एक समज पक्का असतो, की वर्गात दोनच जाती असतात. काहींना हे जन्मतः येते, बाकीच्यांना कधीच येत नाही. तसे असेल तर गुणांच्या आलेखाला उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे दिसायला हवेत. संशोधकांनी एका मोठ्या विद्यापीठातले ७७८ निकाल तपासले. दोन उंचवटे असावेत असे म्हणण्याजोगे निकाल निघाले जेमतेम ५.८ टक्के. बाकी सगळीकडे इतर कोणत्याही विषयासारखेच, मधल्या गुणांची मुले अधिक आणि टोकाची कमी. गंमत पुढेच आहे. ज्या प्राध्यापकांचा जन्मजात हुशारीवर विश्वास होता, त्यांना साध्या आलेखातही दोन उंचवटे दिसण्याची शक्यता जास्त होती. मनात असते तेच डोळ्यांना दिसते, हे आपण म्हणतोच.

शिकवण्याच्या पद्धतीचा हिशेब २०१४ साली अमेरिकेत मांडला गेला. विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. जिथे शिक्षक फळ्यापाशी उभे राहून फक्त सांगत होते, तिथे सरासरी ३३.८ टक्के मुले नापास. जिथे मुलांना वर्गातच विचार करायला, एकमेकांशी बोलायला, सोडवून बघायला लावले, तिथे २१.८ टक्के. विषय तोच, शिकवण्याची तऱ्हा निराळी.

आपल्याकडेही हे करून पाहिले गेले आहे. आय.आय.टी. मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमिंगच्या शेकडो मुलांच्या वर्गात एक साधी पद्धत वापरली. प्रश्न टाकायचा, आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजारच्याशी बोलायचे आणि शेवटी साऱ्या वर्गात मांडायचे. २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार अशा वेळी सरासरी ८३ टक्के मुले कामात गुंतून राहिली होती. मोठ्या वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, ८३ टक्के म्हणजे काय ते.

दोन पाट्यांचे कोडे

मुले अडतात तरी कुठे? २००४ मध्ये अनेक देशांतल्या शिक्षकांनी मिळून मुलांना प्रोग्रॅम लिहायला न लावता फक्त वाचायला दिले. लहानसा तुकडा, आणि प्रश्न एवढाच, की हा चालवला तर उत्तर काय येईल? बरीच मुले तिथेही अडली. म्हणजे लिहिण्याच्या आधीची पायरीच कच्ची होती. मला हे फार ओळखीचे वाटले. ज्याला उतारा वाचता येत नाही, त्याला आपण निबंध लिहायला सांगत नाही. संगणकाच्या वर्गात मात्र पहिल्या आठवड्यापासून निबंधच असतो.

एक उदाहरण देते. दोन पाट्या आहेत. एकीवर ५ लिहिले आहे, दुसरीवर ९. आकड्यांची अदलाबदल करायची आहे. नवी मुले लिहितात, पहिल्या पाटीवर दुसरीचा आकडा लिही, मग दुसरीवर पहिलीचा लिही. आता करून पाहा. पहिल्या पाटीवर ९ लिहिताना तिथले ५ पुसले गेले. मग दुसरीवर पहिलीचा आकडा, म्हणजे पुन्हा ९. दोन्हीकडे नऊ झाले आणि पाच हरवले! त्यासाठी तिसरी पाटी घ्यावी लागते आणि ५ आधी तिथे उतरवून ठेवावे लागतात. संगणकातली जागा पाटीसारखी असते. नवे लिहिले की जुने जाते. ही एवढीशी गोष्ट कोणी उघड करून सांगितली नाही, तर मुले महिनोन् महिने चाचपडतात. ‘क = क + १’ हे त्यांना गणितातले अशक्य समीकरण वाटते. त्याचा अर्थ ‘क नावाच्या पाटीवर जे आहे त्यात एक मिळवून पुन्हा तिथेच लिही’ असा आहे, हे कळले की भीती जाते.

आणखी एक गैरसमज १९८६ मध्ये रॉय पी या अमेरिकन संशोधकाने नोंदवला. नवशिक्या मुलांना मनातून वाटते, की यंत्राच्या आत कोणीतरी समजूतदार बसले आहे, आपण अर्धवट सांगितले तरी ते ओळखून घेईल. आपण घरात बोलतो तसे. ‘ते तिकडचं आण गं’ म्हटले की मुलगी बरोबर कोथिंबिरीची जुडी आणते. संगणकाला ‘ते’ही कळत नाही आणि ‘तिकडचं’ही कळत नाही.

अज्जीची शिकवणी

त्या दिवशी मी भाचीला म्हटले, ‘तुझ्या वहीतला एक प्रोग्रॅम घे आणि ओळ न् ओळ मला सांग. मला काही येत नाही असं समजून सांग.’ ते खरेच होते. तिने इंग्रजीत सुरुवात केली. शब्द पाठ होते, पण मी ‘म्हणजे काय?’ विचारले की थांबत होती. मी म्हटले, ‘मराठीत सांग की.’ ती हसली. म्हणाली, ‘कॉलेजात असं नाही चालत.’ कॉलेजात आपण नव्हतोच, नार्व्याच्या सोप्यावर होतो.

प्रोग्रॅम होता पास-नापासचा. इफ आणि एल्स. अज्जी शेजारी भाजी निवडत बसली होती. तिने विचारले, की हे काय चालले आहे. भाचीने तिला कन्नडात सांगायचा प्रयत्न केला आणि अज्जी म्हणाली, ‘अष्टेना? मळी बंद्र छत्री तगो, इल्लांद्र ब्याड.’ एवढंच ना? पाऊस आला तर छत्री घे, नाहीतर नको. इफ, एल्स, सगळे त्या एका वाक्यात आले. मराठीत आपण ‘जर’ आधी ठेवतो, तोही पुष्कळदा गाळतो. कन्नडात तो क्रियापदाच्या शेपटीला येतो. पण विचाराची चौकट तीच. आमची मुले ती चौकट लहानपणापासून दोन-तीन भाषांत वापरत आलेली असतात.

मग भाची मराठीत सांगू लागली. ‘गुण ३५ पेक्षा जास्त असतील तर पास, नाहीतर नापास.’ मी विचारले, ‘आणि बरोबर ३५ असले तर?’ ती थबकली. वहीकडे पाहिले. ‘अगं, तो नापास होईल! इथं किंवा बरोबरचं चिन्ह पाहिजे होतं.’ तिची चूक तिला स्वतःला सापडली, आणि ती सापडली आपल्या भाषेत मोठ्याने सांगताना. इंग्रजीत ती ओळ तिने कितीदा तरी वाचली असेल.

भाषेबद्दल संशोधन काय म्हणते

एका मुलीवरून सिद्धांत निघत नाही. पण याच प्रश्नावर पुष्कळांनी काम केले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फिलिप गुओ यांनी ८६ देशांतल्या, इंग्रजी घरची भाषा नसलेल्या ८४० जणांची पाहणी प्रसिद्ध केली. सूचना वाचताना, कोड वाचता-लिहिताना, शंका विचारताना या मंडळींना दुहेरी ओझे वाहावे लागते, कारण इंग्रजी आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही एकाच वेळी शिकायचे असते. त्यांची मागणीही साधी होती. सोपे इंग्रजी, अधिक चित्रे आणि परक्या संस्कृतीतले संदर्भ नसलेली उदाहरणे.

लहान मुलांसाठी स्क्रॅच नावाचे साधन आहे, ज्यात सूचनांचे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करतात. त्या ठोकळ्यांवरची भाषा बदलता येते. २०१७ मधल्या एका अभ्यासात पाच देशांतल्या मुलांची तुलना केली. ज्यांनी ठोकळे आपल्या देशाच्या भाषेत वापरले, ती मुले इंग्रजीत वापरणाऱ्या आपल्याच देशबांधवांपेक्षा नव्या कल्पना लवकर वापरू लागली. गोवा सरकारने २०२१ मध्ये शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना आणली, ती सहावीपासून सुरू होते. म्हणजे नार्व्याच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलासमोर इंग्रजी माध्यमाच्या दुसऱ्याच वर्षी कोडिंग येते. दोन्ही ओझी एकाच खांद्यावर पडू नयेत, याकडे शिक्षकांनी आणि घरच्यांनी लक्ष ठेवायला हवे.

आय.आय.टी. मुंबईतच योगेंद्र पाल आणि श्रीधर अय्यर यांनी भारतीय भाषांत शालेय शिक्षण झालेल्या मुलांच्या प्रोग्रॅमिंगवर काम केले आणि २०१५ मध्ये ते मांडले. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, शिकवण्याची भाषा. दोन, शिकण्याची जागा, म्हणजे भरला वर्ग की स्वतःच्या गतीने पाहायची चित्रफीत. हा भेद मला मोलाचा वाटतो. वर्गात शिक्षकाचे वाक्य एकदा निसटले की गेले. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. भाषा अवघड असली तरी वेळ हातात असतो.

त्याच संस्थेत कन्नन मौदगल्य यांनी सुरू केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प याच वाटेने जातो. सुमारे दहा मिनिटांचे धडे, पडद्यावरचे शब्द इंग्रजीतच, पण समजावणारा आवाज मराठी, कन्नड, कोकणी अशा आपल्या भाषांत. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला स्वतःचे काम, आणि थांबत थांबत करून पाहायचे. आज्ञा इंग्रजीत, विचार आपल्या भाषेत, अशी ही वाटणी आहे.

मराठीची शिक्षिका म्हणून एक इशाराही द्यायला हवा. नुसती मातृभाषा आणली की काम झाले असे नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने फार पूर्वी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, मराठी शाळांतल्या विज्ञानाच्या पुस्तकांची भाषा तपासली होती. पुस्तके मराठीच, पण संस्कृतप्रचुर शब्दांनी जड. ती भाषा सोपी केल्यावर मुलांची प्रगती सुधारली. २०२१-२२ पासून अभियांत्रिकी पदवी भारतीय भाषांतून देण्याची परवानगी मिळाली आणि पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून संगणक शाखा सुरू झाली. तंत्रशिक्षण परिषदेने मराठी, कन्नड धरून बारा भाषांत पुस्तके काढण्याचे काम हाती घेतले. पाऊल चांगले आहे. पण ‘व्हेरिएबल’ला अगम्य मराठी शब्द देऊन मुलीच्या डोक्यावर तिसरी भाषा ठेवली, तर तिचा काही फायदा नाही. ‘व्हेरिएबल म्हणजे पाटी’ एवढे सांगितले की पुरते.

घरी काय करता येईल

आपल्याला संगणक येत नाही म्हणून आईबाप हात टेकतात. तसे कारण नाही. न्यूझीलंडमधल्या दोन शिक्षिकांनी २००६ मध्ये एक कोड्याचा प्रकार काढला. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी सुट्या करून उलटसुलट द्यायच्या आणि मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. अक्काच्या घरी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूच्या पट्ट्या कापल्या. भाचीच्या मैत्रिणीने ओळी लिहायच्या, हिने लावायच्या, दुसऱ्या दिवशी उलट. खर्च शून्य.

मुलांना रोज दहा मिनिटे विचारा, ‘आज काय केलंस ते मला समजावून सांग.’ मराठीत सांगू दे, कन्नडात सांगू दे, अर्धे-अर्धे सांगू दे. आपल्याला कळले नाही की ‘म्हणजे?’ विचारा. लिहिण्याआधी वाचायला लावा, आणि चालवण्याआधी ‘उत्तर काय येईल?’ हे कागदावर लिहायला लावा. ‘इंग्रजी सुधारावं म्हणून घरात आता इंग्रजीच’ हा नियम मात्र करू नका. इंग्रजी लागेलच. परीक्षेला लागेल, नोकरीत लागेल, यंत्राने दाखवलेली चूक वाचायलाही लागेल. ते रोज थोडे वाढवत न्यावे. पण ज्या भाषेत मूल ‘का’ आणि ‘कसं’ विचारते, ती काढून घेतली तर विचारणेच थांबते.

भाचीचे नाव दाजींनी काढले नाही. एक संधी द्यायचे ठरले. या उन्हाळ्यात तो पेपर सुटला. गुण काही फार नाहीत, पण पुढच्या सत्राचा प्रोग्रॅमिंगचा विषय तिने शिकवणी न लावता घेतला आहे. अक्का परवा फोनवर सांगत होती, की वाड्यावरची सातवीतली दोन मुले आता तिच्याकडे कोडिंग विचारायला येतात, आणि ती त्यांना आधी कोकणीतून सांगते, मग वहीत इंग्रजीत लिहायला लावते.